पाहुण्यांचं वायफाय वेगळं ठेवा

जून महिन्यात अमरावतीच्या आमच्या शाळेत प्रवेशाची गर्दी झाली की पालक हमखास विचारतात, "सर, वायफायचा पासवर्ड सांगता का? दाखला मोबाइलमध्ये आहे." नाही म्हणणं जिवावर येतं. म्हणून आम्ही पासवर्डाचा कागदच ऑफिसच्या भिंतीवर चिकटवला होता. मुलांच्या आधार क्रमांकांची माहिती असलेला संगणकही त्याच वायफायवर चालायचा. अकोल्याहून आलेला आमचा भाचा तो कागद पाहून म्हणाला, "मामू, पाहुण्याला बैठकीत बसवतात, कपाटाची किल्ली देत नाहीत!"

यात भीती नुसत्या माहितीची नाही. २६ जुलै २००८ रोजी अहमदाबादच्या बॉम्बस्फोटांच्या काही मिनिटं आधी एक ई-मेल गेला. माग काढत पोलीस नवी मुंबईत, सानपाड्याला एका अमेरिकन गृहस्थाच्या घरी पोहोचले. त्याचं वायफाय दुसऱ्यांनीच वापरलं होतं. ऑगस्टमध्ये माटुंग्याच्या खालसा कॉलेजच्या आणि सप्टेंबरमध्ये चेंबूरच्या एका कंपनीच्या वायफायवरून असेच ई-मेल गेले. बाहेरून पत्ता दिसतो तो कनेक्शनचा, मोबाइलवाल्याचा नाही. म्हणून पहिली चौकशी मालकाची होते. निर्दोष माणसाचेही ते दिवस कसे जातात, हे वाचकांना वेगळं सांगायला नको.

भाच्याने तासाभरात केलेली कामं अशी:

राउटरच्या सेटिंगचा कंपनीने दिलेला मूळ पासवर्ड बदलला. 'गेस्ट नेटवर्क' सुरू करून त्याला वेगळं नाव आणि वेगळा पासवर्ड दिला. सुरक्षेत डब्ल्यूपीए-२ निवडलं. राउटर नवा असेल तर डब्ल्यूपीए-३ घ्यावं. पाहुण्यांना आतले संगणक व प्रिंटर दिसू नयेत, हा पर्याय लावला. मग स्वतःचा मोबाइल गेस्टवर जोडून ऑफिसचा प्रिंटर उघडतो का, ते तपासलं. उघडला असता तर भिंत कच्ची आहे असं समजायचं. शेवटी ऑफिसच्या वायफायचाही पासवर्ड बदलला, कारण जुना गावभर झाला होता.

मात्र गेस्ट नेटवर्कवरूनही बाहेर पत्ता आपलाच दिसतो. म्हणून आता आम्ही वहीत नाव, मोबाइल क्रमांक आणि वेळ लिहून घेतो, पासवर्ड दर आठवड्याला बदलतो आणि शाळा सुटली की गेस्ट बंद करतो.

कुणी पालक रागावले नाहीत. उलट एका वडिलांनी विचारलं, "सर, आमच्या दुकानातही असं करता येईल का?" येईल. तुमचं दुकान, दवाखाना किंवा ट्रस्टचं ऑफिस असेल, तर आजच राउटर पाहा.