टकलाचा धनी कोण?

नरक चतुर्दशीच्या पहाटे पाटावर बसलेल्या गृहस्थाच्या टाळूवर तेल जिरवताना गृहिणीच्या बोटांना जे कळते, ते आरशाला कळत नाही. आरसा समोरून पाहतो आणि टक्कल पुष्कळदा टाळूवरून पसरत येते. "अहो, यंदा तेल कमी लागलं हो!" एवढेच ती म्हणते, पण तेवढ्याने गृहस्थाचा फराळ कडू होतो. हा प्रसंग यंदाही कित्येक घरी घडेल, म्हणून दिवाळीच्या गप्पांसाठी मी केसांचाच विषय घेतला आहे.

विषय वाटतो तितका हलका नाही. मराठी माणूस जिवाची काळजीसुद्धा केसावर मोजतो. 'केसालाही धक्का लागू देणार नाही' असे आपण वचन देतो आणि विश्वासघात झाला की 'केसाने गळा कापला' म्हणून हळहळतो. संस्कृतात तर टकल्याचे दुर्दैव हा सुभाषिताचा विषय झाला. भर्तृहरीच्या नीतिशतकातला तो खल्वाट उन्हाने डोके तापले म्हणून झाडाखाली जातो, तर वरून फळ पडून नेमके तेच डोके फुटते. वर्गात हे सांगितले की मागच्या बाकांवर खसखस पिकते आणि साऱ्यांचे डोळे माझ्या कपाळाकडे वळतात. चाळिशी उलटलेल्या प्राध्यापकाने ते मनावर घ्यायचे नसते.

मी घाटकोपरला राहतो आणि शिकवायला अंधेरीला जातो. २०१४ साली मेट्रो सुरू झाल्यापासून रोज सरकत्या जिन्यावर पुढच्या पायऱ्यांवरील मंडळींच्या टाळूंचे दर्शन घडते. त्या टाळूंभोवती जाहिराती असतात. एक फलक गेलेले केस परत आणून देण्याचे आश्वासन देतो, तर दुसरा गेलेला जोम. पहिला बजावतो की पुरुषी हार्मोनने केस जातात. दुसरा म्हणतो, ते हार्मोन कमी पडले म्हणूनच तुम्ही थकता. जोम घ्यावा तर केस जाणार आणि केस राखावेत तर जोम जाणार, अशा कात्रीत प्रवासी सापडतो. मग लोकलच्या डब्यात, व्यायामशाळेत, आमच्या प्राध्यापकांच्या खोलीतसुद्धा एकच प्रश्न ऐकू येतो: "टेस्टोस्टेरॉन घेतलं तर टक्कल पडतं का हो?"

या प्रश्नाशी माझी गाठ एका जुन्या विद्यार्थ्यामुळे पडली. मुलगा मुलुंडचा, बँकेत नोकरीला, वय ३१. मेंदूच्या तळाशी पीयूषिका नावाची लहानशी ग्रंथी असते, तिच्यावर त्याला गाठ झाली. शस्त्रक्रिया झाली, गाठ साधी निघाली, मुलगा सुखरूप घरी आला. पण ही ग्रंथी म्हणजे शरीराच्या कचेरीतला मोठा साहेब. साहेबच अंथरुणाला खिळल्यावर खालच्या खात्यांना हुकूम जाईनात आणि त्याच्या अंगातले टेस्टोस्टेरॉन जवळजवळ आटले. दाढी आठवड्यातून एकदा केली तरी पुरे, जिना चढताना थकवा, आणि तपासणीत हाडेही विरळ होऊ लागलेली. डॉक्टरांनी टेस्टोस्टेरॉन सुरू करू या असे सुचवले. हा पठ्ठ्या चार महिने ती चिठ्ठी खिशात घेऊन हिंडला!

एका रविवारी त्याच्या मातोश्री माझ्याकडे आल्या. "सर, तुम्ही तरी त्याला सांगा. आमचं ऐकत नाही. म्हणतो, सुई घेतली की टक्कल पडणार. माझे वडील टकले, भाऊ टकला, म्हणून त्यानं धसका घेतलाय. मार्गशीर्षात लग्न आहे हो त्याचं. म्हणतो, तोपर्यंत तरी केस राहू देत!"

ऐकून हसू येईल, पण हसण्यासारखे त्यात काही नव्हते. एकतीस वर्षांचा मुलगा केसांसाठी हाडे पणाला लावत होता. मी त्याला बोलावून घेतले. आल्याआल्या त्याने तोच प्रश्न टाकला, "सर, पडतं की नाही, एवढंच सांगा." मी त्याला म्हटले, "अरे, मी व्याकरण सांगणारा माणूस. चल, तुझ्या डॉक्टरांनाच विचारू." आम्ही दोघे त्याच्या डॉक्टरीणबाईंकडे गेलो. बाई अंतःस्रावी ग्रंथींच्या तज्ज्ञ. त्यांनी चांगला अर्धा तास दिला आणि सुरुवात केली ती थेट ग्रीकांपासून.

षंढ केलेल्या पुरुषांना टक्कल पडत नाही, ही गोष्ट ॲरिस्टॉटलच्याही नजरेस आली होती. पण त्याचे कारण कळायला विसावे शतक उजाडावे लागले. १९३५ साली टेस्टोस्टेरॉन वेगळे काढले गेले आणि त्याच वर्षी प्रयोगशाळेत तयारही झाले. पुढे १९४२ साली जेम्स हॅमिल्टन या अमेरिकन संशोधकाने आपली पाहणी प्रसिद्ध केली. ज्यांच्या वृषणग्रंथी लहानपणीच गेल्या होत्या किंवा नीट वाढल्याच नव्हत्या, अशा पुरुषांना टक्कल पडत नव्हते. त्यांच्यापैकी काहींना त्याने टेस्टोस्टेरॉन दिले. ज्यांच्या घराण्यात टक्कल होते त्यांचे केस जाऊ लागले. ज्यांच्या घराण्यात नव्हते त्यांचे शाबूत राहिले. औषध एकच आणि डोकी मात्र दोन तऱ्हेची!

मी बाईंना म्हटले, "म्हणजे वारसा हे कर्जाचे खत, आणि टेस्टोस्टेरॉन हा वसुलीला आलेला कारकून. खतच नसेल तर कारकून वसूल काय करणार?" बाई हसल्या. "तसंच समजा. पण खत आहे आणि कारकूनच कामावर नाही, अशी तुमच्या विद्यार्थ्याची स्थिती आहे. कारकून रुजू झाला की वसुली सुरू होऊ शकते, हे मी त्याच्यापासून लपवणार नाही."

ही वसुली चालते तरी कशी? आपल्या कातडीत एक विकर असते. ते टेस्टोस्टेरॉनचे रूपांतर डायहायड्रोटेस्टोस्टेरॉन नावाच्या अधिक जहाल पदार्थात करते. वारशाने हळवी झालेली केसांची मुळे या पदार्थापुढे हळूहळू आक्रसत जातात. दर खेपेला केस अधिक बारीक आणि अधिक आखूड उगवतो आणि शेवटी नुसती लव उरते. गंमत अशी की हाच पदार्थ दाढीचे केस वाढवतो, आणि डोक्याच्या मागच्या बाजूच्या केसांना तर तो शिवतही नाही. म्हणून मागचे केस काढून पुढे लावले तर ते तिथेही टिकतात. नॉर्मन ओरेंट्राइक या डॉक्टरने १९५९ साली हे प्रसिद्ध केले. आजच्या साऱ्या केशरोपणाचा पाया तोच आहे.

दुसरा पुरावा कॅरिबियन समुद्रातल्या डोमिनिकन प्रजासत्ताकातून आला. तिथल्या एका खेड्यात काही पुरुषांना ते विकर जन्मतःच कमी होते. त्यांच्या अंगात टेस्टोस्टेरॉन भरपूर होते, पण कपाळ मागे सरकत नव्हते आणि म्हातारपणी प्रोस्टेट ग्रंथीही वाढत नव्हती. ही माहिती १९७४ साली प्रसिद्ध झाली आणि तिच्यावरून ते विकर रोखणारे फिनॅस्टेराइड हे औषध निघाले. अमेरिकेत १९९२ साली प्रोस्टेटसाठी आणि १९९७ साली टकलासाठी त्याला परवानगी मिळाली. पण हे औषध काही बत्तासा नव्हे. काहींची कामेच्छा त्याने मंदावते. काहींचे मन खिन्न होते. आत्महत्येचे विचार येणे हाही त्याचा एक दुष्परिणाम असल्याचे युरोपच्या औषध-नियंत्रकांनी २०२५ साली मान्य केले. तेव्हा शेजाऱ्याने दिलेल्या पाकिटातून गोळी काढून ती गिळू नये.

मुलाने विचारले, "म्हणजे आजोबांचं टक्कल मला येणारच?" बाई म्हणाल्या की आईकडून मुलाला मिळणाऱ्या एक्स गुणसूत्रावर टकलाशी संबंध असलेले एक महत्त्वाचे जनुक आहे, म्हणून आईच्या वडिलांकडे पाहण्याची रीत अगदीच खुळी नाही. पण अशी शेकडो ठिकाणे आता सापडली आहेत आणि त्यांतली पुष्कळ वडिलांकडूनही येतात. शिवाय टकल्यांच्या रक्तात टेस्टोस्टेरॉन इतरांपेक्षा जास्त असते असे काही नाही. टक्कल म्हणजे पौरुषाचे प्रशस्तिपत्र, ही समजूत टकल्यांनीच पसरवलेली असावी!

इतके झाल्यावर बाईंनी लेखणी खाली ठेवली आणि मुलाला विचारले, "लग्न करताय. मुलं हवी आहेत ना?"

तो गोंधळला. चार महिने तो केसांचाच विचार करीत होता. हा प्रश्न त्याला सुचलाच नव्हता. बाईंनी समजावले की बाहेरून टोचलेल्या टेस्टोस्टेरॉनने दाढी येईल, हाडे भरतील, अंगात ताकद येईल; पण शुक्रजंतू तयार होणार नाहीत. धडधाकट माणसालासुद्धा ही सुई दिली तर पीयूषिकेला वाटते की माल बाहेरून येतो आहे, मग कारखाना कशाला चालवायचा? ती हुकूम देणे थांबवते. जागतिक आरोग्य संघटनेने पुरुषांसाठी संततिनियमनाचे साधन म्हणून हीच सुई तपासून पाहिली होती. १९९० साली प्रसिद्ध झालेल्या त्या पाहणीत दर आठवड्याला सुई घेणाऱ्यांपैकी निम्म्याहून अधिक पुरुषांचे शुक्रजंतू सहा महिन्यांत पूर्ण नाहीसे झाले. सुई बंद केल्यावर बहुतेकांचे परत येतात, पण त्याला महिनेच्या महिने लागतात.

त्याच्यापुरता मार्ग निघाला. आधी एचसीजी नावाच्या सुया घ्यायच्या. गर्भवतीच्या शरीरात तयार होणारे हे संप्रेरक पीयूषिकेचा हुकूम असल्याची बतावणी करते आणि वृषणग्रंथींना कामाला लावते. गरज पडली तर पुढे आणखी एका सुईची जोड द्यायची, आणि संततीचा प्रश्न मिटल्यावर टेस्टोस्टेरॉनकडे वळायचे. त्याने अखेरचा प्रयत्न करून पाहिला, "या सुयांनी केस वाचतील का?" बाई म्हणाल्या, "माल बाहेरचा असो की घरचा, केसाच्या मुळाला फरक कळत नाही. आजारी पडला नसतात तर जे केस गेले असते, तेच आता जातील."

आपल्या आजाराची ही बाजू त्याने नियोजित वधूला सांगितली नव्हती. ती त्या संध्याकाळी सांगितली. मुलगी बोरिवलीची, स्वतः नोकरी करणारी. पुढच्या खेपेला ती त्याच्याबरोबर दवाखान्यात गेली आणि तिने दोन प्रश्न विचारले: औषध जन्मभर घ्यावे लागेल का, आणि एखादी सुई चुकली तर काय करायचे? केसांविषयी तिने अवाक्षर काढले नाही. लग्न ठरल्या मुहूर्तावर लागले. आज वर्ष होत आले. तो आता लोकलमागे धावू शकतो, दाढी रोज करावी लागते, आणि कपाळ बोटभर मागे सरकले आहे. घरात तिसरे माणूस अजून आलेले नाही. उपचार चालू आहेत.

आता ज्यांना असा काही आजार नाही, नुसताच फलक पाहून जोम विकत घ्यावासा वाटतो, त्यांच्यासाठी थोडे. थकवा हा झोप न मिळाल्याने, वजन वाढल्याने किंवा दीड तास लोंबकळत प्रवास केल्यानेही येतो. टेस्टोस्टेरॉन सकाळी अधिक असते, म्हणून रक्त सकाळीच तपासावे, आणि एकदा कमी आले तर दुसऱ्या दिवशी पुन्हा. साधारणपणे ३०० नॅनोग्रॅमच्या खाली दोन्ही वेळा आले आणि लक्षणेही जुळली, तरच औषधाचा विचार करतात. औषध सुरू झाल्यावर रक्त फार दाट होत नाही ना, हे अधूनमधून पाहावे लागते. खांद्याला चोळायचे जेल मिळते. पण दोन खोल्यांच्या घरात ते वाळण्यापूर्वी लहान मूल उचलून घेतले तर औषध त्याच्या अंगाला लागते, हे लक्षात ठेवावे. व्यायामशाळेत दंड फुगवण्यासाठी जी मात्रा टोचून घेतात ती तर उपचाराच्या कितीतरी पट असते. तिथे कारकून एकटा येत नाही, जप्तीची पलटण घेऊन येतो!

आणि प्रत्येक केसगळतीचे खापर या हार्मोनवर फोडू नये. २०२४ च्या डिसेंबरअखेरीस बुलढाणा जिल्ह्यात शेगाव तालुक्यातल्या बोंडगाव, कालवड, हिंगणा या गावांत बायका, पुरुष आणि मुले यांचे केस काही दिवसांतच झडू लागले. महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी शोध घेऊन रेशनच्या गव्हातल्या अतिरिक्त सेलेनियमकडे बोट दाखवले. वारशाचे टक्कल वर्षानुवर्षे दबक्या पावलांनी येते. केस मुठीने येऊ लागले तर डॉक्टरकडे जावे. तिथे आजोबांचा काही दोष नसतो.

तेव्हा टकलाचा धनी कोण, याचा निकाल असा लागतो की धनी वारसा आहे, टेस्टोस्टेरॉन फक्त त्याचा निरोप्या. ज्याच्या शरीरात ते खरोखरच कमी आहे त्याने केसांच्या भीतीने औषध टाळू नये, आणि ज्याच्यात पुरेसे आहे त्याने हौसेने घेऊ नये.

घरच्या वडीलधाऱ्यांना मात्र एक सांगतो. केसांविषयी चारचौघांत विचारता येते. इतर पुष्कळ गोष्टी विचारता येत नाहीत. घरातला एखादा तरुण फार दिवस केसांविषयीच बोलत राहिला तर त्याची थट्टा करू नका. त्याला जरा जवळ बसवून घ्या आणि प्रकृती कशी आहे ते विचारा.