इथून गाडी फारशी जात नाही

‘इथून गाडी फारशी जात नाही.’ रुळांवर बसलेल्या कुणालाही हटकून बघा, पहिलं उत्तर हेच येतं. संध्याकाळी गप्पा मारायला बसलेली पोरं हेच म्हणतात, प्री-वेडिंगवाला फोटोग्राफर नवरा-नवरीला हेच सांगतो आणि सकाळी स्लीपर मोजत चालणारे काकाही हेच ऐकवतात. या वाक्यात एक खरी गोष्ट आहे आणि एक जीवघेणी. खरी गोष्ट अशी, की त्या रुळावर गाड्या खरोखरच कमी असतील. जीवघेणी अशी, की ‘कमी’ या शब्दाचा अर्थ बोलणारा मनातल्या मनात ‘आत्ता नाही’ असा लावून मोकळा होतो.

माझं म्हणणं दोन वाक्यांत सांगतो. ज्या रुळावर गाडी येऊ शकते, मग ती दिवसातून एकदा का असेना, तो रूळ फिरायची जागा नाही. आणि लोक तिथे का जातात हे न विचारता नुसत्या पाट्या ठोकणारी व्यवस्थाही आपलं काम करत नाही. यातलं पहिलं वाक्य बोलणारे दुसरं गिळतात आणि दुसरं बोलणारे पहिल्याला ‘मध्यमवर्गीय भित्रेपणा’ म्हणतात. मला दोन्ही बोलायची आहेत.

आधी आपल्याच भागाकडे बघू. पुणे-लोणावळा लोकल १९७८ मध्ये सुरू झाली. दापोडी, कासारवाडी, पिंपरी, चिंचवड, आकुर्डी, देहूरोड अशी ती आपल्या अख्ख्या शहराच्या पोटातून जाते आणि पुढे बेगडेवाडी, घोरावाडी, तळेगाव करत मावळात शिरते. या मार्गावर दुपारी लोकलच नसायची. त्या वेळात रुळांची देखभाल चालते, हे रेल्वेचं उत्तर इथल्या प्रवाशांना पाठ आहे आणि दुपारच्या लोकलसाठी केलेल्या मागण्याही पाठ आहेत. आता गंमत बघा. लोकल नाही म्हणून प्लॅटफॉर्म ओस पडतो, म्हणून लाइनही ओस आहे असं वाटतं. पण हा मुंबई-पुण्याचा मुख्य दुहेरी मार्ग आहे. लोकल नसली तरी एक्स्प्रेस असतात, मालगाड्या असतात. आणि देखभाल म्हणजे रुळांवर शुकशुकाट नव्हे. खडी ठोकणारी यंत्रं, ओव्हरहेड वायर तपासणारी टॉवर वॅगन, सामान वाहणाऱ्या गाड्या याच वेळी फिरतात. रविवारचा मेगाब्लॉक म्हणजे रुळांना सुट्टी, असं समजणाऱ्यांनी हे दोनदा वाचावं.

‘पण मी अ‍ॅपवर बघूनच जातो,’ असं सांगणारा एक नवा शहाणा हल्ली भेटतो. आपल्या पिढीचा हा खास गैरसमज आहे. फोनवरचं अ‍ॅप दाखवतं प्रवासी गाड्या. मालगाडीचं वेळापत्रक तुमच्यासाठी छापलेलं नसतं. एकटं धावणारं इंजिन, रिकामा रेक, तपासणीची गाडी यांतलं काहीही त्या पडद्यावर दिसत नाही. शिवाय दुहेरी मार्गावर ‘या रुळावर गाडी समोरूनच येणार’ हा हिशेबही कायमचा नसतो. ब्लॉक असला किंवा बिघाड झाला, तर गाडी उलट्या दिशेनेही चालवली जाते. अ‍ॅप प्रवाशाला गाडी पकडता यावी म्हणून बनवलेलं आहे. गाडी चुकवून जीव वाचवता यावा म्हणून नाही.

दुसरा भरवसा असतो कानांवर. ‘एवढी मोठी गाडी, आवाज येईलच की.’ गाडीचा बराचसा आवाज बाजूला आणि मागे पसरतो, समोर उभ्या माणसाला ती उशिरा ऐकू येते. विजेवरची गाडी तर आणखी शांत. शेजारच्या रुळावरून एक गाडी धडधडत जात असेल, तर दुसरी अजिबात ऐकू येत नाही. कानात इअरबड्स असतील तर विषयच संपला. आता साधं गणित करा. ताशी १०० किलोमीटरने येणारी गाडी सेकंदाला सुमारे २८ मीटर कापते. वळणामुळे ती ३०० मीटरवर दिसली, तर तुमच्याकडे अकरा सेकंदही नाहीत. त्यातले काही ‘ही आपल्याच रुळावर आहे का’ हे ठरवण्यात जातात, काही मित्राला हाक मारण्यात, आणि उरलेले खडीत पाय मुरगळण्यात. भरलेल्या मालगाडीला ब्रेक लावला तरी थांबायला किलोमीटरभर लागू शकतो. म्हणजे ड्रायव्हरने तुम्हाला पाहिलं याचा अर्थ तुम्ही वाचलात असा होत नाही.

रुळाच्या ‘बाजूने’ चालणाऱ्यांसाठीही एक आकडा आहे. आपल्या ब्रॉडगेजच्या दोन रुळांमधलं अंतर १६७६ मिलिमीटर. लोकलचा डबा रुंदीला सुमारे ३६६० मिलिमीटर. म्हणजे डबा प्रत्येक बाजूला रुळाच्या बाहेर जवळजवळ एक मीटर येतो. रुळापासून हातभर अंतरावर उभं राहून ‘मी तर बाजूलाच आहे’ म्हणणारा माणूस प्रत्यक्षात गाडीच्या जागेत उभा असतो.

मग उरतात सायडिंग आणि मालधक्के. सगळ्यात ‘निवांत’ वाटणारी जागा हीच. वाघिणी तासन्‌तास उभ्या असतात, आसपास कुणी नसतं, फोटो झकास येतो. पण उभा रेक शिट्टी न देताही हलतो. पलीकडच्या टोकाला इंजिन लागलं, की एका डब्याचा धक्का पुढच्याला बसत येतो आणि त्याखालून किंवा दोन डब्यांच्या मधून पलीकडे जाणाऱ्याला कळायच्या आत सगळं होऊन जातं. डोक्यावर असते २५,००० व्होल्टची तार. तिला हात लावावा लागत नाही, पुरेसं जवळ गेलात तर वीज मधली हवा ओलांडून येते. दोन मीटरच्या आत जाऊ नका, असं रेल्वे सांगते ते त्यासाठीच. वाघिणीच्या टपावर चढून सेल्फी स्टिक उंचावणारा मुलगा त्या दोन मीटरांच्या आत केव्हाच पोहोचलेला असतो. तिथे गाडी ‘फारशी जात नसते’ हे खरंच आहे. त्याला मारायला गाडीची गरजच नसते.

रूळ ज्यांना सगळ्यात जास्त कळतात त्यांच्याकडे बघा. कीमन, गँगमन रोज मैलोन्‌मैल रुळांवरून चालतात. पोटासाठी चालतात. काम करताना एक माणूस फक्त गाडीवर नजर ठेवायला उभा करतात, लाल झेंडी लावतात, गरज पडली तर रुळावर फटाका सिग्नल ठेवतात. एवढं करूनही दरवर्षी देशात कुठे ना कुठे ही माणसं गाडीखाली जातात. ज्यांना त्या रुळाचा बोल्ट अन् बोल्ट ठाऊक आहे, ते ‘आत्ता काही येत नाही’ यावर जीव टाकत नाहीत. आपण कोणत्या आत्मविश्वासावर टाकतो?

८ मे २०२० ची पहाट आठवा. जालन्याच्या पोलाद कारखान्यात काम करणारे मध्य प्रदेशातले मजूर घरी जायला निघाले होते. लॉकडाउन होता, प्रवासी गाड्या बंद होत्या. थकून ते औरंगाबादजवळ करमाडच्या अलीकडे रुळांवरच झोपले. मालगाडी आली आणि १६ जण गेले. ती माणसं मौज करायला आलेली नव्हती. त्यांना तिथवर कुणी आणलं हा वेगळा आणि फार मोठा आरोप आहे. पण ज्या समजुतीने त्यांनी रुळावर डोकं टेकवलं ती आपलीच समजूत होती : सध्या गाड्या नाहीत. अख्ख्या देशात गाड्या सर्वांत कमी धावत होत्या त्या काळातसुद्धा ती समजूत खोटी ठरली. मग कासारवाडीत आणि देहूरोडला ती खरी कशी ठरेल?

१९ ऑक्टोबर २०१८ ला अमृतसरमध्ये रावणदहन बघायला माणसं रुळांवर उभी होती. जागा उंच, दृश्य छान. फटाक्यांच्या आवाजात गाडी ऐकूच आली नाही. साठच्या आसपास माणसं गेली. तिथेही लोक हेच सांगत होते, की दरवर्षी असंच उभं राहतो. ‘आजवर काही झालं नाही’ हा सुरक्षिततेचा पुरावा नसतो. ज्याचं काही झालं, तो सांगायला येत नाही, एवढाच त्याचा अर्थ.

या सगळ्यात इंजिनात बसलेल्या माणसाला आपण धरतच नाही. त्याला वळता येत नाही. तो शिट्टी दाबून धरतो, ब्रेक मारतो आणि पुढचे काही सेकंद फक्त बघतो. नंतर कागदपत्रं, चौकशी, आणि तीच गाडी पुढे न्यायची. ‘माझा जीव, माझी मर्जी’ म्हणणाऱ्याने लक्षात ठेवावं, की शेवटचं दृश्य तो दुसऱ्याच्या डोळ्यांत कायमचं ठेवून जातो.

आता दुसरी बाजू. १९८९ च्या रेल्वे कायद्याच्या कलम १४७ नुसार विनापरवाना रेल्वेच्या हद्दीत शिरलात तर सहा महिन्यांपर्यंत कैद, एक हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. फिरायला गेलेला माणूस ‘प्रवासी’ नसतो, त्यामुळे प्रवाशाच्या अपघाताची भरपाईही त्याच्या घरच्यांना मागता येत नाही. कायदा कडक आहे, पण तो उगवतो कसा? जुलै २०२३ मध्ये दूधसागरला रुळांवरून चालत गेलेल्या ट्रेकर्सना रेल्वे पोलिसांनी उठाबशा काढायला लावल्या. व्हिडिओ फिरला, देश हसला. उठाबशांनी मांड्या दुखतात, धोरण होत नाही. वर्षानुवर्षं लोक त्याच रुळांवरून ट्रेक करतात हे सगळ्यांना माहीत असताना तो मार्ग आधीच का अडवला नाही, पर्याय ठळकपणे का सांगितला नाही, हे कुणी विचारलं नाही.

आणि आपल्याकडे पर्याय आहे तरी कुठे? भोसरी-पिंपरीच्या एमआयडीसीत गुरुवारी सुट्टी. चाकणला कंत्राटावर राबणारा बावीस वर्षांचा पोरगा, एका खोलीत चौघं राहणारा, त्या दिवशी जाईल कुठे? चाकणला तर रेल्वेही नाही, दिसते ती फक्त ट्रकची रांग. मॉलमध्ये गेलं की खिसा रिकामा होतो, बागेच्या बाकावर तासभर बसलं की रखवालदार शिट्टी मारतो. रूळ फुकट असतो, सरळ असतो, वारा असतो आणि तिथे कुणी ‘ओळखपत्र दाखव’ म्हणत नाही. ही ओढ मला कळते. म्हणूनच तिचं कौतुक करणाऱ्यांचा राग येतो. या पोराला शहराने एक बाक दिला नाही, आणि आपण त्याच्या रुळावर बसण्याला ‘सार्वजनिक जागेवरचा हक्क’ म्हणून टाळ्या देतो. हक्क मागायचा तर जिवंत राहता येईल अशा जागेवर मागू.

१५ जून २०२५ ला इथूनच जवळ, इंद्रायणीवर कुंडमळ्याचा जुना पूल रविवारच्या गर्दीत कोसळला आणि चार जण गेले. तो पूल धोकादायक आहे हे आधीच माहीत होतं. आपल्या औद्योगिक पट्ट्यातल्या माणसाची सुट्टी अशाच जागांवर साजरी होते : जुना पूल, धरणाची भिंत, रूळ. प्रत्येक ठिकाणी नंतर एक पाटी लागते.

‘परदेशात तर रुळांवर बागा आहेत,’ हा युक्तिवाद नेहमी येतो. आहेत. न्यूयॉर्कची हाय लाइन २००९ पासून लोकांसाठी खुली आहे, पॅरिसमध्ये त्याआधीच जुन्या रेल्वेमार्गावर चालण्याची बाग झाली. पण तिथे आधी रेल्वे गेली, कागदोपत्री गेली, मग माणसं आली. क्रम महत्त्वाचा आहे. आपल्याकडे असं करायचं तर बोरघाटात १९२९ मध्ये सोडून दिलेल्या रिव्हर्सिंग स्टेशनच्या जुन्या वाटेसारख्या जागा शोधायला हव्यात. माथेरानच्या छोट्या रुळांचं उदाहरणही इथे चालत नाही. ती गाडी माणूस धावत गाठेल अशा वेगाने चालते. तिथे लागलेली सवय लोणावळ्याच्या मुख्य मार्गावर घेऊन येणं म्हणजे ओढ्यात पोहायला शिकून समुद्रात उडी मारणं.

मग काय हवं? जिथे लोक रोज रूळ ओलांडतात तिथे भिंतीआधी पादचारी पूल किंवा उजेड असलेला भुयारी मार्ग, कारण वाट न देता बांधलेल्या भिंतीला महिन्याभरात भगदाड पडतं. पुणे-लोणावळ्याच्या तिसऱ्या-चौथ्या मार्गिकेचा आराखडा होताना कुंपणाच्या बाहेरून चालायची पट्टी, हे पालिकेने आत्ताच मागायला हवं. एमआयडीसीतले मोकळे भूखंड आणि शाळांची मैदानं सुट्टीच्या दिवशी रात्री नऊपर्यंत उघडी हवीत, बाक आणि दिव्यांसकट. प्रवासी अ‍ॅपवर एक ओळ हवी, की इथे मालगाड्या दिसत नाहीत. आणि आपल्यासारख्या लिहिणाऱ्या-वाचणाऱ्यांनी एक करावं : विरहाच्या कवितेखाली रुळांवर पाठमोऱ्या मुलीचा फोटो लावणं बंद करावं. रील आवडली तरी लाइक न देता पुढे जावं.

हे सगळं होईपर्यंत संध्याकाळी कुणी तुम्हाला ‘चल, रुळांवर बसू, इथून गाडी फारशी जात नाही’ म्हणालं, तर वाद घालू नका. त्याला फक्त विचारा, शेवटची मालगाडी किती वाजता गेली आणि पुढची किती वाजता आहे. त्याला सांगता येणार नाही. तेवढं पुरे आहे. चहा घ्यायला दुसरीकडे चला.