सूनबाईचा कॉम्प्युटर आणि आपला हिशेब



आज जरा कडक लिहिणार आहे. आपल्या सुना-लेकी घरबसल्या लग्नपत्रिका, तपाच्या अनुमोदनाचे बॅनर, चातुर्मासाच्या पत्रिका आणि लग्नाचे व्हिडिओ करून देतात. चार पैसे मिळवतात. पण त्या कामासाठी धड कॉम्प्युटर घ्यायचा विषय निघाला की घरात दोनच मते ऐकू येतात. एक, "दादाचा जुना लॅपटॉप पडून आहे, तोच वापर." दुसरे, "घ्यायचाच तर दुकानदार सांगेल तो टॉपचा घेऊन टाकू." गंमत अशी, की ही मते देणाऱ्यांपैकी कोणीही त्या यंत्रावर बसून काम करणार नसते.

दोन्ही मतांना माझा विरोध आहे. ज्या कामासाठी यंत्र घ्यायचे त्या कामाचा हिशेब आधी मांडावा, भाग त्यावरून ठरवावेत, आणि हा हिशेब जी काम करणार आहे तिनेच मांडावा.

काही जणी म्हणतील, "एवढा खर्च म्हणजे परिग्रह नाही का?" आपला धर्म परिग्रह आसक्तीत पाहतो. मर्यादा घालून, गरजेपुरते घ्या असे गृहस्थाला सांगतो. लॉकरमध्ये वर्षानुवर्षे पडलेल्या हाराने किती कमावले, हे आपण कधी विचारत नाही. मग रोज आठ तास चालणाऱ्या यंत्रालाच परिग्रहाचा नियम का आठवावा? आणि तोही सुनेच्याच यंत्राला?

आता हिशेब. साध्या ४के व्हिडिओचा वेग सेकंदाला १०० मेगाबिट धरला, तर तासाला ४५ जीबी जागा लागते. लग्नात दोन कॅमेरे प्रत्येकी चार तास चालले तर ३६० जीबी. एका लग्नाची ही कथा. ज्या जुन्या लॅपटॉपची सगळी जागाच २५६ जीबी आहे, तो तिच्या हातात देणे म्हणजे पातेल्यात मावणार नाही एवढे दूध ओतून "उतू का गेले" विचारणे.

भाग समजायला आपले स्वयंपाकघर पुरते. प्रोसेसर ही जुनीजाणती स्वयंपाकीण. एकेक अवघड काम ती झपाट्याने उरकते. ग्राफिक्स कार्ड म्हणजे पापड लाटायला जमलेल्या पन्नास बायका. एकच छोटे काम सगळ्या एकदम करतात. रॅम म्हणजे ओटा, आणि डिस्क म्हणजे कोठीची खोली.

पत्रिका आणि बॅनर एवढेच काम असेल तर चांगला मधल्या दर्जाचा प्रोसेसर आणि १६ जीबी रॅम पुरते. महागड्या ग्राफिक्स कार्डाची गरज नाही. ४के व्हिडिओ असेल तर रॅम ३२ जीबी घ्या, आणि ती १६-१६ च्या दोन पट्ट्यांत घ्या. दोन पट्ट्यांमुळे वेग वाढतो. इंटेलचा प्रोसेसर घेताना नावाच्या शेवटी 'एफ' अक्षर आहे का ते पाहा. असेल तर त्यात आतले ग्राफिक्स नसते. तो थोडा स्वस्त पडतो, पण मोबाइलचे आणि कॅमेऱ्याचे व्हिडिओ उलगडायला हेच आतले ग्राफिक्स फार मदत करते. दाविंची रिझॉल्व्हवर काम करणार असाल तर मात्र वेगळे ग्राफिक्स कार्ड हवेच, आणि त्याची स्वतःची मेमरी ४के साठी निदान ८ जीबी असावी.

चालू कामासाठी १ टीबीची एनव्हीएमई एसएसडी आणि झालेले काम ठेवायला साधी मोठी हार्ड डिस्क. शिवाय बॅकअप. तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, त्यातली एक घराबाहेर. कोणाच्या मुलीचे लग्न पुन्हा लागणार नाही, त्यामुळे इथे कंजुषी करू नका.

दुकानदार ज्या दोन गोष्टींवर बोलतच नाही, त्यांच्यावर हटकून पैसे ठेवा. पहिली वीज. पॉवर सप्लाय ८० प्लस प्रमाणपत्राचा, नावाजलेल्या कंपनीचा घ्या. आपल्याकडे वीज कधी जाईल याचा नेम नाही, म्हणून यूपीएस हवाच. त्यावरचा ६०० हा आकडा व्हीएचा असतो. अशा यूपीएसवर साधारण ३६० वॉटच चालतात, तेव्हा ग्राफिक्स कार्ड मोठे असेल तर यूपीएसही मोठा लागेल. दुसरी गोष्ट मॉनिटर. आयपीएस पडदा आणि पूर्ण एसआरजीबी रंग एवढे विचारा. पडदाच खोटा रंग दाखवत असेल तर कुंकवाचा लाल छापून विटकरी येतो आणि हजार पत्रिका गळ्यात पडतात.

पैसे कुठे घालू नयेत? रंगीत दिव्यांच्या पंख्यांत, काचेच्या कपाटासारख्या कॅबिनेटमध्ये, 'गेमिंग' असे लिहिलेल्या प्रत्येक गोष्टीत. हे दिवे एक फ्रेमसुद्धा लवकर रेंडर करत नाहीत. कॅबिनेट हवा खेळणारे आणि धुळीची जाळी असलेले घ्या.

आता जे बोलायला आपण कचरतो ते. "मॅडम, सगळी सॉफ्टवेअर फुकट टाकून देतो." हे फुकट म्हणजे चोरीचे. अचौर्य अणुव्रत घेतलेल्या घरात ही चोरी चालते आणि आपण तिला 'क्रॅक' असे गोड नाव देतो. व्हायरसची भीती वेगळीच. पर्याय नाहीत असेही नाही. दाविंची रिझॉल्व्हची मोफत आवृत्ती आहे, इंकस्केप आणि जिंप आहेत. मुंबईच्या एक टाइपने केलेले मुक्ता आणि बालू हे देवनागरी फॉन्ट मोफत आहेत आणि पत्रिकेवर शोभूनही दिसतात.

कोणी म्हणेल, हे बायकांचे काम नाही, तांत्रिक आहे. त्यांनी ओझरहून विघ्नहराचे दर्शन घेऊन नारायणगावमार्गे खोडदला जावे. तिथल्या दुर्बिणीच्या ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेना आपण येता-जाता पाहतो. डॉ. गोविंद स्वरूप यांनी त्या भरीव पत्र्याच्या न करता पातळ पोलादी तारेच्या जाळीच्या केल्या. मीटरभर लांबीच्या रेडिओ लहरींना तेवढी जाळी पुरते, वारा आरपार जातो, त्यामुळे वजन आणि खर्च दोन्ही वाचले. पुढे तिथेच संकेतांची आकडेमोड करायला बाजारात मिळणाऱ्या साध्या कॉम्प्युटरांची साखळी वापरली गेली, आणि सुधारित यंत्रणेत ग्राफिक्स कार्डांवरचे तेच जीपीयू आले. जिथे काम मागते तिथे खर्च केला, मागत नाही तिथे वाचवला. जागतिक दर्जाची दुर्बीण या हिशेबावर उभी राहते, तर आपल्या माजघरातले टेबल का नाही? महिन्याच्या किराण्यात आपण दुसरे काय करतो?

शेवटी बिलाचे. मी कॉमर्सची, त्यामुळे हे सोडणार नाही. प्रत्येक भागाचे नाव, मॉडेल आणि किंमत वेगवेगळी लिहिलेले कोटेशन मागा. 'पूर्ण सेट' अशी एकच ओळ चालवून घेऊ नका. वॉरंटी भागागणिक वेगळी असते, आणि एकरकमी बिलावर ती मागताना दमछाक होते. जीएसटी १८ टक्के लागतो, तो बिलावर दिसलाच पाहिजे. आणि बिल सुनेच्याच नावाने करा. व्यवसायाच्या हिशेबात कॉम्प्युटरवर वर्षाला ४० टक्के घसारा धरता येतो. ८०,००० चे यंत्र पहिल्या वर्षानंतर ४८,०००, दुसऱ्यानंतर २८,८०० आणि तिसऱ्यानंतर १७,२८० रुपयांचे उरते. म्हणजे तीन वर्षांत ६२,७२० रुपये झिजले. महिन्याला सुमारे १,७४० रुपये. तेवढे त्या यंत्राने कमवायला हवे. हा आकडा तिच्या वहीत पहिल्या पानावर असू द्या.

जुना लॅपटॉप भंगारवाल्याला देऊ नका. तारा जाळून तांबे काढण्यात किती जीव आणि किती हवा खराब होते ते आपल्याला कळायला हवे. अधिकृत ई-कचरा केंद्रातच द्या.

पुढच्या वेळी घरात हा विषय निघेल तेव्हा सूनबाईला चहा करायला आत पाठवू नका. वही-पेन देऊन समोर बसवा, आणि दुकानातही तिलाच बोलू द्या. आपण सासूबाईंनी शेजारी बसून फक्त बेरीज तपासावी.

जय जिनेंद्र.