पिकअप गेला कुठे, बॉस?

दिवे घाट. गाडी तिसऱ्या गिअरमध्ये, अ‍ॅक्सिलरेटर पार तळाला टेकलेला आणि गाडी... ढिम्म! वेग चाळीसवरून तीस, तीसवरून वीस. मागे ट्रकवाला हॉर्नवर हात ठेवून बसलेला. शेजारी आई डोळे गच्च मिटून खंडोबाचा धावा करतेय. निघालो होतो जेजुरीलाच म्हणा! दुसरा गिअर टाकून रांगत रांगत वर पोचलो. सपाटी लागली आणि गाडी पुन्हा शहाण्यासारखी पळायला लागली, जणू काही झालंच नव्हतं.

गाडी बाबांची. २००६ ची हॅचबॅक. गुडघ्यांनी दगा दिल्यावर दोन वर्षांपूर्वी त्यांनी किल्ली माझ्या हातात ठेवली. सोबत एक डायरीही दिली. किल्ली मी लगेच वापरायला लागले, डायरी ग्लोव्ह बॉक्समध्ये गेली.

ऑफिसमध्ये सगळ्यांचा एकच सल्ला, "काढून टाक गं, ईएमआयवर नवी घे." खरं सांगू? मोह झाला. पण बाबांना काय सांगणार? तुम्ही इतकी वर्षं जपलेली गाडी मी दोन वर्षांत भंगारात काढली?

मग सुरू झाली गॅरेजची वारी. पहिल्याने प्लग आणि एअर फिल्टर बदलला. फरक शून्य. दुसरा म्हणाला, "मॅडम, तुम्ही क्लचवर पाय ठेवून चालवत असणार. प्लेट गेली." मीही ओशाळून प्लेट बदलली. बिल भरलं आणि पुढच्या रविवारी घाटात पुन्हा तेच! तिसरा बॉनेट न उघडताच म्हणाला, "पंप वीक आहे, टाकून देऊ नवीन." इथे मात्र माझी ट्यूब पेटली. हे लोक दुरुस्ती करत नव्हते, अंदाज लावत होते. आणि प्रत्येक अंदाजाचं बिल मी भरत होते.

शेवटी नाना पेठेत एक काका भेटले. त्यांनी पान्याला हातच लावला नाही, आधी प्रश्न विचारले. "थंड असताना होतं की गरम झाल्यावर? सपाटीला की चढाला? टाकीत पेट्रोल किती असतं? आवाज वाढतो आणि वेग वाढत नाही, की आवाजच वाढत नाही?" शेवटच्या प्रश्नाला मी चमकले. आवाजच वाढत नव्हता!

"मग क्लच नाही," काका म्हणाले. "क्लच घसरला की इंजिन बोंबलतं आणि गाडी जागेवर. तुमचं इंजिन उपाशी आहे."

फंडा असा आहे. इंजेक्शनच्या गाडीत पंप टाकीच्या आत असतो. तो फिल्टरमधून पेट्रोल ढकलतो, इंजेक्टरपाशी साधारण तीन बारचा दाब लागतो. सिग्नलला उभी असताना इंजिनाला घोटभर पेट्रोल पुरतं, त्यामुळे फिल्टर तुंबलेला असला तरी कळत नाही. चढाला पाय दाबला की भूक कित्येक पटींनी वाढते आणि पुरवठा कमी पडतो. म्हणून सपाटीला शहाणी, घाटात वेडी!

मोबाइलला जोडायचा स्कॅनर मी मोठ्या ऐटीत काढला. काका हसले. आपल्याकडे ओबीडी-टू सक्तीचं झालं २०१३ मध्ये. माझ्या गाडीत तो जोडायला जागाच नव्हती.

काकांनी पेट्रोलच्या लाइनला प्रेशर गेज लावला आणि त्याची नळी बाहेर काढून काचेवर वायपरखाली अडकवला. गेलो कात्रजच्या चढाला. उभ्या गाडीत सुई तीनवर. तिसऱ्या गिअरमध्ये पाय दाबला आणि सुई घसरत दोनच्याही खाली! सुई तीनवरच टिकली असती, तर काका सायलेन्सरकडे वळणार होते, कारण कॅटॅलिटिक कन्व्हर्टर तुंबला तरी गाडी अशीच दबते. तपासाचा रस्ता सुई ठरवत होती, कुणाचा मूड नाही.

जुना फिल्टर काढून काकांनी त्यातलं पेट्रोल काचेच्या बरणीत ओतलं. चहा परवडला! नव्या फिल्टरने सुई बरीच सुधारली. पंपाखालची जाळी साफ केल्यावर चढालाही तीनवर टिकली. पंप ठणठणीत होता. मी तो उगाच बदलणार होते आणि तुंबलेल्या फिल्टरमागे नवा पंपही दमलाच असता.

काकांनी रबरी पाइपचे तुकडेही बदलले. आता पंपावर २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं. इथेनॉल पाणी ओढून घेतं, टाकीतला जुना गाळ सोडवतं आणि जुन्या रबरालाही त्रास देतं. जुनी गाडी असेल तर फिल्टर आणि पाइप यांच्याकडे आधीपेक्षा लवकर बघायचं. आणि हो, 'पाचशेचं टाका' म्हणत कायम रिझर्व्हवर फिरू नका. टाकीतलं पेट्रोलच पंपाला थंड ठेवतं.

एक विनंती : हा प्रयोग घरी नको. पेट्रोलच्या लाइनमध्ये दाब असतो, शेजारी गरम इंजिन. आपलं काम नीट उत्तरं द्यायचं आणि एकच प्रश्न विचारायचं, "बदलण्याआधी मोजलंत का?"

त्या रात्री मी ती डायरी उघडली. बाबांचं टपोरं अक्षर, दर काही हजार किलोमीटरनंतर तीच ओळ : पेट्रोल फिल्टर बदलला. शेवटची नोंद किल्ली माझ्याकडे येण्याच्या कितीतरी आधीची. म्हणजे पुढचा नंबर माझाच होता! सगळं उत्तर ग्लोव्ह बॉक्समध्ये होतं आणि मी ते अख्ख्या पुण्यात शोधत होते.

बाबांना सगळं कबूल केलं. क्लचप्लेटचं बिलसुद्धा. मला वाटलं, आता ऐकून घ्यावं लागणार. ते शांतपणे चष्मा पुसत म्हणाले, "किलोमीटर किती झालेत? लिहून ठेवलंस का?"

लिहिलं. बाबांच्या अक्षराखाली, माझ्या कोंबडीच्या पायांनी.

पुढच्या रविवारी पुन्हा दिवे घाट. तिसरा गिअर. आईचे डोळे या वेळी उघडे होते!