गिरणीच्या दारावरील फळा

आपल्या धर्मग्रामातील पुष्कळ घरांत रात्रीच्या जेवणाच्या वेळी एक प्रश्न विचारला जातो. मुलगा कारखान्यातून परतलेला असतो. आई ताट वाढता वाढता म्हणते, "काय रे, कंपनी चालू राहणार ना? लोक काहीबाही बोलतात." आणि मुलगा मान वर न करता उत्तर देतो, "कोणास ठाऊक! आम्हांला कोण सांगतो?"

पगार वेळेवर होत असेल, साहेबही भला असेल. तरी या उत्तरात कडवटपणा आहेच. दिवसाचे आठ तास जेथे घाम गाळावयाचा, तेथली बातमी आपणांस नाक्यावरच्या चहाच्या टपरीवर कळावी, हे माणसाच्या मनाला लागते. लागावेही. ज्याला काही सांगितले जात नाही, तो हळूहळू विचारणेही सोडून देतो. आणि विचारणे सोडलेला माणूस यंत्र बिघडताना पाहूनही गप्प उभा राहतो.

ही गोष्ट आपल्या देशात कायदा करणाऱ्यांच्याही ध्यानी आली होती. १९४६ सालच्या स्थायी आदेशांच्या कायद्याने असे ठरविले की, कामाच्या पाळ्या, रजा, शिस्त यांविषयीचे नियम इंग्रजीबरोबरच बहुसंख्य कामगारांस समजेल अशा भाषेत फळ्यावर लावावेत. आणि तो फळा ज्या दाराने बहुतेक कामगार आत येतात त्या दाराशी असावा. दार कोणते, हेही कायद्याने सांगावे, हे मला मोठे मार्मिक वाटते. साहेबाच्या कचेरीबाहेर लावलेला कागद मजुराने वाचावा तरी कधी? पुढच्याच वर्षी, १९४७ च्या औद्योगिक कलह कायद्यात, शंभर वा अधिक कामगार असतील तेथे कार्यसमिती नेमावयास लावण्याची तरतूद झाली. तीत कामगारांचे प्रतिनिधी मालकाच्या प्रतिनिधींहून कमी असता कामा नयेत. फळ्याने वरचे खाली सांगावे व समितीने खालचे वर पोहोचवावे, अशी ही योजना. हे जुने कायदे २०२० च्या संहितेत एकत्र करण्यात आले. परंतु पुष्कळ ठिकाणी समिती कागदावरच राहिली, किंवा पिण्याचे पाणी आणि पंखे यांपलीकडे तिचे बोलणे गेले नाही. धंदा बुडत आहे की तरत आहे, हे मजुराने विचारावयाचे नाही, असा समज दोन्ही बाजूंनी दृढ झाला.

होळकरांच्या इंदूर शहरात हुकुमचंद, मालवा, राजकुमार, कल्याणमल, स्वदेशी अशा कापडगिरण्या एके काळी गजबजलेल्या होत्या. तेथील गिरणीकामगारांची एक प्रथा प्रसिद्ध आहे. अनंत चतुर्दशीच्या रात्री गिरण्यांच्या झांक्या, म्हणजे सजविलेले चित्ररथ, शहरातून निघतात. हुकुमचंद मिलने १९२४ साली ती सुरू केली असे सांगतात. हा सण आपला नव्हे. पण त्यातील माणूस ओळखीचा आहे. आपल्याकडे नाताळचा गोठा उभारताना तरुण मंडळी रात्री जागवितात, तसाच हा उत्साह. काय उभारावयाचे हे सर्वांस ठाऊक असते. चुकले तर कोणीही "हे चुकले" म्हणू शकतो. साच्यावर उभ्या असलेल्या त्याच माणसास मात्र आपल्या गिरणीचे उद्या काय होणार हे कोणी सांगत नव्हते.

१९९१–९२ च्या सुमारास हुकुमचंद मिल बंद पडली. पुढे ती अवसायनात निघाली आणि कामगारांच्या हक्काच्या पैशांसाठी न्यायालयात वर्षांमागून वर्षे गेली. त्या काळात रविवारी मिलच्या दाराशी कामगार जमत, खटल्याची हकीकत एकमेकांस सांगत आणि घरी जात. फळ्याचे काम आता ते स्वतःच करीत होते. सुमारे २२४ कोटी रुपयांचा धनादेश देण्यात आला तो दिवस होता २५ डिसेंबर २०२३, म्हणजे नाताळचा. तोवर कित्येक कामगार हे जग सोडून गेले होते. गिरण्या बंद झाल्या, झांक्या मात्र बंद झाल्या नाहीत.

शेवटच्या भोजनाच्या रात्री प्रभूने शिष्यांस सेवक न म्हणता मित्र म्हटले, आणि त्याचे कारणही दिले: धनी काय करतो हे सेवकास ठाऊक नसते, मित्रांस मात्र त्याने पित्याकडून ऐकलेले सारे सांगितले होते. पोप तेविसावे योहान यांनीही १९६१ च्या आपल्या 'मातेर एत माजिस्त्रा' या परिपत्रकात, कामगारास मुका आज्ञाधारक न मानता उद्योगाच्या कारभारात त्याचे म्हणणे ऐकले जावे, असा आग्रह धरला.

हे वाचून कारखानदारांस दोष देणे सोपे आहे. पण आपल्यातही धनी आहेतच. निंदणीस बाया लावणारे आपण. घर बांधावयास गवंडी लावणारे आपण. हाती पैसा नाही हे सोमवारीच ठाऊक असताना शनिवारी संध्याकाळी मजुरास ते सांगणारेही आपणच.

इंदूर धर्मप्रांतातील उदयनगर येथे सिस्टर राणी मारिया शेतमजुरांमध्ये काम करीत असत. बँकेचे कर्ज कसे मिळते, सरकारी योजनांत आपला वाटा कोणता, हे त्या त्यांना समजावून सांगत. ज्यांचा व्यवहार मजुराच्या अज्ञानावर चालत होता, त्यांना ते सहन झाले नाही. २५ फेब्रुवारी १९९५ रोजी त्या बसने इंदूरकडे निघाल्या असता वाटेत त्यांची हत्या झाली. ४ नोव्हेंबर २०१७ रोजी इंदूर येथेच त्यांना धन्यवादित घोषित करण्यात आले.