डॉक्टरेट आणि घरची वडीलधारी मंडळी

भाईंदरच्या एका आजोबांनीं आम्हांस विचारिलें आहे कीं, नात भूशास्त्रांत एम्. एस्सी. झाली, आतां डॉक्टरेटसाठीं आणखी पांच वर्षें मागते. घरांत दोन तट पडले आहेत. दगडांतून असें काय निघणार? प्रश्न रास्त आहे, आणि त्याचें उत्तर त्यांच्या घराजवळच आहे.

भाईंदरहून उत्तनकडे जातांना डोंगरी गांव लागतें. तेथील खडक रायोलाईट जातीचा, म्हणजे सिलिका विपुल असलेल्या चिकट लाव्हारसाचा आहे. थिजतांना तो आकसला व त्याचे खांब बनले. घाटावरचा काळा बेसॉल्ट सुमारें 6 कोटी 60 लक्ष वर्षांपूर्वींचा. हाहि तेवढाच जुना असावा असें कोणासहि वाटेल. परंतु पवईच्या आय्. आय्. टी.तील प्राध्यापक हेतु शेठ व कांचन पांडे यांच्या 2014 सालच्या निबंधांत त्याचें वय सुमारें 6 कोटी 26 लक्ष वर्षें भरलें. शिवाय हे थर समुद्राकडे कलले आहेत. अर्थात् येथील किनारा वांकला तो त्यानंतर. मुख्य उद्रेक शमल्यावरहि साष्टींत अग्नि धुमसत होता!

एवढें एक वाक्य लिहावयास किती खटाटोप! खडकांतील पोटॅशियमचा एक प्रकार अति मंद गतीनें आरगॉन वायूंत पालटतो. नमुना अणुभट्टींत न्यूट्रॉनच्या माऱ्याखालीं ठेवावयाचा, मग पायरीपायरीनें तापवून सुटणारा वायु मोजावयाचा. नमुना हवापाण्यानें विटलेला निघाला कीं पुनः डोंगर चढणें आलें. पांच वर्षें जातात तीं अशीं.

आतां व्यवहार. नेट वा गेट परीक्षेच्या बळावर वृत्ति मिळाली, तर 2023 च्या दरानें पहिलीं दोन वर्षें दरमहा 37,000 रुपये व पुढें 42,000 मिळतात, घरभाडें निराळें. म्हणजे नात घरास भार नाहीं. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2022 च्या नियमांत मुदत किमान 3 व कमाल 6 वर्षें असून स्त्रियांस वाढीव सवलत आणि बाळंतपण व बालसंगोपनासाठीं 240 दिवसांची रजा आहे. तेव्हां लग्न आधीं कीं डॉक्टरेट, हा वाद वाटतो तितका अटळ नाहीं. चिखलानें माखलेले बूट ज्या स्थळास खपत नाहींत, तें आम्ही तरी नाकारूं.

खरी जोखीम मार्गदर्शकाच्या निवडींत आहे. मागील विद्यार्थी किती वर्षांत मोकळे झाले, निबंधावर त्यांचें नांव आलें काय, हें त्या विद्यार्थ्यांसच विचारावें. नातीनें विचारावें, आणि एकटीनें. आजोबांनीं बरोबर जाऊं नये.