ऊस गेला म्हणून फुले तारत नाहीत



'उसात आता काय राहिलंय? त्यापेक्षा शेडनेट टाकून ऑर्किड करू,' असे अलीकडे काही तरुण सभासद बोलून दाखवितात. विचार वाईट नाही. पण ज्या मुलखात उसाचे कारखाने मिटले आणि ऑर्किडही पिकते, त्या हवाई बेटांकडे एकदा नीट पाहावे, असे आम्हांस वाटते.

तिथे उसाचा पहिला मोठा मळा १८३५ साली कोलोआ येथे उभा राहिला. एके काळी वर्षाला दहा लाख टनांवर साखर निघे. पुढे मजुरी वाढली, बाहेरची साखर स्वस्त पडू लागली. हामाकुआचा कारखाना १९९४ साली थांबला. माऊई बेटावरचा शेवटचा कारखाना २०१६ च्या डिसेंबरात बंद झाला. त्या एकट्या मळ्याची जमीन ३६ हजार एकर!

हामाकुआशेजारच्या हिलोकडे ऑर्किड होते, कारण तिथे वर्षाला शंभर इंचांहून जास्त पाऊस पडतो, हवेत कायम ओल असते आणि कडाक्याची थंडी नाही. डेन्ड्रोबियम मातीत लावीत नाहीत. ज्वालामुखीच्या खडीत बसवितात, म्हणजे मुळाशी पाणी थांबत नाही. वर सावलीची जाळी. बी धुळीसारखे, त्यात अन्नसाठा नाही. ते प्रयोगशाळेत बाटलीतच रुजवावे लागते. फूल यायला दोन-तीन वर्षे. तोवर खर्च चालूच, वर फुलकिडे आणि कळी पोखरणारी अळी. प्रा. हारुयुकी कामेमोटो यांच्यासारखे विद्यापीठातले लोक वर्षानुवर्षे खपले, तेव्हा नव्या जाती मिळाल्या. तरी थायलंडच्या स्वस्त फुलांशी झुंज आहेच.

मग ऑर्किडने उसाची जागा भरून काढली का? नाही. हामाकुआच्या कितीतरी रानात आज निलगिरी उभी आहे. फुलांनी काही कुटुंबे तारली, सारा मुलूख नाही.

आमचे मत स्पष्ट आहे. आपल्या पठारावर एप्रिल-मेची हवा कोरडी ठणठणीत. तिथल्यासारखी ओल इथे विकत घ्यावी लागेल. म्हणून ज्याला हौस आहे त्याने आधी गिऱ्हाईक शोधावे, मग गुंठाभर करून पाहावे. उसाच्या भरवशावर काढलेले कर्ज जाळीवर टांगू नये. रोपांची विद्या आपल्याला परकी नाही. मांजरीच्या वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूटमध्ये उसाची रोपे ऊतिसंवर्धनाने होतातच. शिकायचे तर चार-पाच जणांनी मिळून शिकावे.

आणि एक लक्षात घ्या. हवाईतले कारखाने कंपन्यांचे होते. टाळे लावायचे कंपनीने ठरविले, ऊस तोडणाऱ्याने नव्हे. आपला कारखाना आपल्या शेअर्सवर उभा आहे. एकरी उतारा वाढवा, वार्षिक सभेला या, हिशेब विचारा. फुले जरूर लावा. पण कारखाना चालता ठेवून लावा.